सोळा टन कोळसा आणि एक चुटकी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, तो मुळात आपल्या बिरादरीतला, म्हणजे रेडिओतला. आधी रेडिओवरचा निवेदक, मग गायक, आणि त्यानंतर टीव्हीवरचा सूत्रधार. क्रम लक्षात असू द्या. आधी निवेदक, मग गायक, मग टीव्ही.

नाव अर्नेस्ट जेनिंग्ज फोर्ड. अमेरिकेत सगळे त्याला टेनेसी अर्नी फोर्ड म्हणायचे. जन्म 13 फेब्रुवारी 1919, गाव ब्रिस्टल. हे ब्रिस्टल मोठं मजेचं गाव आहे. बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याच्या बरोबर मधून दोन राज्यांची हद्द जाते. या बाजूच्या फुटपाथवर टेनेसी, त्या बाजूच्या फुटपाथवर व्हर्जिनिया. रस्ता ओलांडून साबण आणायला गेलात की राज्य बदललं. याच गावात 1927 साली राल्फ पीअर नावाचा एक गृहस्थ ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन उतरला. त्याने आसपासच्या डोंगरांतून येणाऱ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बसवून तबकड्या केल्या. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स, कंट्री संगीतातली, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांतली, ही दोन आदिदैवतं पहिल्यांदा तिथे मुद्रित झाली. तेव्हा आपला अर्नी आठ वर्षांचा होता. म्हणजे गंगा दारातूनच वाहत होती.

पण पोरगा तिच्यात लगेच उतरला नाही. 1937 मध्ये तो गावच्या डब्ल्यू-ओ-पी-आय या केंद्रावर निवेदक म्हणून लागला. बातम्या वाचायच्या, जाहिराती वाचायच्या, वेळ सांगायची. मग सिनसिनाटीच्या संगीत विद्यालयात रीतसर गळा तयार करायला गेला, आणि पुन्हा रेडिओवर आला. हे रीतसर शिक्षण विसरू नका. पुढे तो गावंढळ उच्चार काढून लोकांना हसवायचा, पण खर्जात उतरला की सूर जागचा हलत नसे. गावंढळपणा वरवरचा होता, गळा कमावलेला होता.

मग महायुद्ध आलं. हवाई दलात बॉम्बार्डियर, म्हणजे विमानातून नेम धरून बॉम्ब टाकणारा, झाला, कॅलिफोर्नियातल्या तळावर इतरांना ते काम शिकवलं. युद्ध संपल्यावर तिकडेच सॅन बर्नार्डिनो गावातल्या रेडिओ केंद्रात नोकरी धरली. तिथे त्याने एक सोंग उभं केलं. टेनेसीच्या डोंगरातून आलेला बडबड्या खेडवळ गडी, नाव ‘टेनेसी अर्नी’. एरवी हाच माणूस गंभीर, खणखणीत आवाजात बातम्या वाचायचा. लोकांना सोंग इतकं आवडलं की तेच नाव झालं.

इथे एक सांगून टाकतो, विषयाला सोडून आहे. सोंग करणारा निवेदक स्वतः हसत नाही, ऐकणाऱ्याला हसू देतो. हल्ली निवेदक विनोद सांगायच्या आधीच स्वतः खिदळतात. घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, मुलांची शाळेची घाई असते, त्यात हा का हसतोय हे कोणाला कळणार? असो.

त्यापुढचं भराभर सांगतो. क्लिफी स्टोन नावाच्या, संगीतातल्या आणि रेडिओतल्या मोठ्या खटपट्या माणसाने अर्नीला आपल्या कार्यक्रमात घेतलं. हा स्टोन लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. 1949 मध्ये कॅपिटॉल या कंपनीशी करार झाला आणि गाणी गाजायला लागली. 1953 मध्ये लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात त्याचा कार्यक्रम झाला. 1954 मध्ये ‘आय लव्ह ल्यूसी’ या तुफान चाललेल्या टीव्ही मालिकेत तो गावाकडून येऊन घरात ठाण मांडणारा पाहुणा झाला. असा पाहुणा प्रत्येक घराला माहीत असतो, मी वर्णन करत नाही.

आता मला ज्यासाठी आजची वेळ हवी होती, ती गोष्ट. ती सुरू होते अर्नीपासून नाही. ती सुरू होते केंटकी राज्यातल्या म्यूलनबर्ग जिल्ह्यात, कोळशाच्या खाणीत.

तिथे ट्रॅव्हिस नावाचं एक कुटुंब होतं. बाप खाणीत. आणि खाणीची रीत अशी, की पुष्कळदा मजुरी रोख पैशांत मिळायचीच नाही. मिळायची कंपनीच्या टोकनांत. ती टोकनं चालायची फक्त एका दुकानात, आणि ते दुकान कंपनीचंच. पीठ तिथून, बूट तिथून. मजुरीच्या आधी सामान उचलायचं, आणि मजुरी आली की ती आधीच्या उधारीत वळती व्हायची. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून ‘उचल’ घेतात, हंगामभर कोयता चालवतात, आणि हंगाम संपतो तेव्हा फिटलेली उचल कमी आणि अंगावर राहिलेली जास्त असते. बीडच्या, नगरच्या, धाराशिवच्या श्रोत्यांना यापुढे मी काही समजावून सांगायची गरज नाही.

तर या ट्रॅव्हिसांचा बाप कोणी ‘काय, कसं चाललंय?’ विचारलं की म्हणायचा, मला मरणंसुद्धा परवडत नाही, माझा जीव कंपनीच्या दुकानात गहाण आहे. बोलण्याची पद्धत होती ती त्याची.

त्याचा एक मुलगा मर्ल. खाणीत गेला नाही, गिटारकडे गेला. अंगठ्याने खर्जाची तार छेडत राहायचं आणि बोटाने वर सूर खेळवायचा, ही त्याची वाजवण्याची तऱ्हा आज जगभर ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणून शिकवतात. 1946 साली कॅपिटॉल कंपनीने त्याला सांगितलं, लोकगीतांची तबकडी कर, लोकगीतांना मागणी आहे. मर्ल म्हणाला, लोकगीतं तर सगळी गाऊन झाली. त्यावर उत्तर आलं, मग नवी लिही! म्हणजे पहा, नवी लोकगीतं लिही. कंपनीच्या माणसांचं डोकं जगात सगळीकडे सारखंच चालतं.

मर्ल बसला लिहायला. त्याला बापाचं ते मरण न परवडण्याचं बोलणं आठवलं. आणखी एक आठवलं, थोरल्या भावाचं पत्र. 1945 च्या एप्रिलमध्ये अर्नी पाइल नावाचा युद्धवार्ताहर ओकिनावाजवळच्या एका बेटावर गोळी लागून मेला. साध्या शिपायांबद्दल लिहिणारा माणूस, घराघरांत वाचला जायचा. त्याच्या मरणाबद्दल लिहिताना भावाने पत्रात खाणीतलं आयुष्य आणलं होतं. सोळा टन भरा, हातात काय? वयात एक दिवस वाढ, आणि कर्जात भर. एवढाच अर्थ. ते वाक्य मर्लने उचललं आणि गाण्याचं ध्रुवपद केलं. गाण्याचं नाव ‘सिक्स्टीन टन्स’, सोळा टन.

आता सोळा टन म्हणजे किती? अमेरिकेतला टन आपल्यापेक्षा थोडा लहान, साधारण 907 किलोंचा. सोळा टन म्हणजे साडेचौदा हजार किलो, म्हणजे 145 क्विंटल. फावड्याने. जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात, एका माणसाने डब्यांत भरायचा कोळसा. बाजार समितीत पोती उचललेल्या माणसाला 145 क्विंटल म्हणजे काय ते पाठीला कळेल.

1946 च्या ऑगस्टमध्ये मर्ल ट्रॅव्हिसने ते मुद्रित केलं. सुरुवातीला चार वाक्यं बोलून, मग एकट्या गिटारवर, चालती लय ठेवून. सोबत खर्जाचं तंतुवाद्य वाजवायला होता क्लिफी स्टोन. आला ना परत? आणि गाण्याचं पुढे काय झालं? काही नाही. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, बाकीच्यांना पत्ताही नव्हता. नऊ वर्षं गेली.

1955. आता अर्नी फोर्ड एनबीसी या वाहिनीवर आठवड्यातून पाच दिवस दुपारचा कार्यक्रम करतोय. रोज उठून नवं काय गायचं? म्हणून जुनं-पुराणं जे सापडेल ते तो गात होता. त्यात एकदा हे गायला. लोकांची पत्रं आली. मग इंडियाना राज्याच्या मोठ्या जत्रेत हजारोंच्या समुदायासमोर गायला, तिथे लोकांनी डोक्यावर घेतलं.

इकडे कॅपिटॉल कंपनी हैराण. करार झालेला गायक महिनोन्महिने स्टुडिओत पाऊल टाकत नाही! त्यांनी निरोप धाडला, तबकडी करा, नाहीतर करार मोडल्यासारखं होईल. अर्नी आला. तारीख 20 सप्टेंबर, गाव हॉलीवूड. करायची होती एक तबकडी, आणि तबकडीला दोन बाजू असतात हे तुम्हाला सांगायला नको. ए बाजूला कंपनीच्या भरवशाचं गाणं, एक हळवं प्रेमगीत. आणि बी बाजूला, काहीतरी हवं म्हणून, ‘सोळा टन’.

पुन्हा सांगतो, बी बाजूला. भरतीचं गाणं.

वादकांचा ताफा लहानच. संयोजक जॅक फॅसिनॅटो. त्याने क्लॅरिनेटला एक छोटी, खाली उतरत जाणारी सुरावट दिली होती. अंधाऱ्या जिन्यावरून कोणी सावकाश खाली येतंय असं ती ऐकताना वाटतं. सगळे तयार झाले. काचेपलीकडे निर्माता ली जिलेट. त्याने माईकवरून विचारलं, अर्नी, लय काय ठेवायची?

अर्नीने तोंडाने काही सांगितलं नाही. हात वर केला आणि…

(चुटकी… चुटकी… चुटकी… चुटकी)

ऐकू आलं ना? मी माईकपासून वीतभर लांब वाजवतोय. मर्लच्या लयीपेक्षा ही संथ आहे. पाठीवर ओझं घेतलेला माणूस पाय उचलतो त्या लयीत. अर्नीला फक्त वादकांना लय दाखवायची होती. आपल्याकडे बुवा टाळकऱ्यांना हाताने खूण करतात, त्यापेक्षा जास्त काही त्याच्या मनात नव्हतं. मुद्रण सुरू झालं की चुटकी थांबणार होती.

आणि काचेपलीकडून जिलेट म्हणाला, ती राहू दे. चुटकी राहू दे.

राहिली. तबकडीच्या सुरुवातीला ती आहे, क्लॅरिनेटच्या सोबत ती आहे. वाद्यांच्या यादीत तिचं नाव नाही, तिला मानधन नाही, पण आज कोणीही ते गाणं गुणगुणायला लागला की आधी बोटं वाजवतो, मग गातो.

या ली जिलेटला माझा दंडवत. गायकाला टाळ्या मिळतात. पण काचेपलीकडे बसून ‘हे राहू दे’ म्हणणारा कान दुर्मीळ. आत्ता आमच्याकडे संगणकावर संकलन करणारी चुणचुणीत पोरं आहेत, हुशार आहेत, पण त्यांना झाडू मारायची फार हौस. गायकाचा श्वास काढून टाक, पेटीच्या भात्याचा आवाज काढून टाक, पान उलटल्याची कुजबुज काढून टाक. भात्याच्या आवाजाशिवाय पेटी ती पेटी कसली? त्या दिवशी त्यांच्यातला कोणी जिलेटच्या खुर्चीत असता, तर चुटकी गेली असती आणि गाणं आजही बी बाजूला पडून राहिलं असतं. या बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि स्टुडिओत मी ते सांगून सगळ्यांना वैताग आणतो, तुम्हालाही आणला. चहाचा कप मात्र स्टुडिओत नको, तो आवाज काढलेलाच बरा.

तर तबकडी 17 ऑक्टोबर 1955 ला बाजारात आली. तारीख लक्षात ठेवा, 17 ऑक्टोबर. कंपनीने जाहिरात केली ए बाजूची. पण गावोगावच्या रेडिओवाल्यांनी काय केलं? तबकडी उलटी ठेवली. हो, रेडिओवाल्यांनी! कंपनी सांगतेय ए वाजवा, हे वाजवतायत बी. अकरा दिवसांत चार लाख तबकड्या खपल्या. महिना भरायच्या आत दहा लाख. डिसेंबरच्या मध्यापर्यंत वीस लाख. कंट्री गाण्यांच्या यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर, आणि सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीतही आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर. ज्यांनी जन्मात खाण पाहिली नाही, असे शहरातले टायवाले लोक दुकानात जाऊन कोळशाच्या उधारीचं गाणं विकत घेत होते. त्यांचेही हप्ते चालू होतेच ना. घराचे, मोटारीचे, नव्या फ्रीजचे.

आणि मर्ल ट्रॅव्हिस? गाणं त्याचं, नाव मोठं झालं अर्नीचं. पण गाण्याचा कर्ता म्हणून त्याचं नाव तबकडीवर होतं. अर्नीशी त्याची जुनी ओळख, एकाच कंपनीचे, एकाच क्लिफी स्टोनच्या गोतावळ्यातले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची जी यादी ठेवली आहे, तिच्यात आता फोर्डचं हे मुद्रण आहे. म्हणजे मर्लच्या बापाचं ते बोलणं सरकारी दप्तरात पोचलं.

वेळ बघतो… हां. निम्म्याहून जास्त गेला. आता टीव्ही.

ऑक्टोबर 1956 पासून जून 1961 पर्यंत, दर गुरुवारी रात्री एनबीसीवर ‘द फोर्ड शो’. नाव त्याच्यामुळे, असं वाटतं ना? खरं तर प्रायोजक होती फोर्ड मोटार कंपनी. अर्नी फोर्ड आणि मोटारवाले फोर्ड यांचं नातं शून्य. योगायोगाने आडनाव जुळलं आणि कंपनीला फुकटात दुप्पट जाहिरात मिळाली. या कार्यक्रमासाठी आणि कंपनीच्या मोटारींच्या जाहिरातींसाठी ‘पीनट्स’ या व्यंगचित्रमालेतल्या पात्रांची चलच्चित्रं केली होती. तो चार्ली ब्राउन आणि त्याचा कुत्रा स्नूपी कागदावरून उठून पहिल्यांदा हलले-बोलले ते तिथे. नातवंडांना सांगा, त्यांच्या टी-शर्टवर असतो तो कुत्रा.

कार्यक्रमाचा थाट साधा. बारीक मिशी, नीटनेटका कोट, दोन विनोद, पाहुणे, गाणी. निरोप घेताना शेंगा वेचणाऱ्या भोळ्या जिवांना आशीर्वाद देणारं त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते सगळ्या देशाच्या तोंडी बसलं. आणि सगळ्यात शेवटी एक भजन. चर्चमध्ये गातात तसं स्तोत्र, शांतपणे, कुठलाही तामझाम नाही.

यावर भांडण झालं. वाहिनीची आणि जाहिरातवाल्यांची कुरकुर, की करमणुकीच्या कार्यक्रमात देवाचं गाणं कशाला, लोक टीव्ही बंद करतील. अर्नी म्हणाला, भजन होणार. एरवी हसतमुख माणूस, पण इथे हटला नाही. आणि झालं उलटंच. लोक त्या शेवटच्या भजनासाठी थांबायला लागले. 1956 मध्ये त्याची ‘हिम्स’ ही स्तोत्रांची तबकडी आली, ती खपाच्या यादीत 277 आठवडे होती. पाच वर्षांहून जास्त! 1964 च्या अशाच एका भक्तिगीतांच्या तबकडीला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुन्हा सांगतो, ज्या भजनाने लोक पळतील म्हणत होते, त्याच भजनांची तबकडी 277 आठवडे विकली गेली.

प्रायोजक हवेत. त्यांच्यावाचून वीजबिलही भरलं जाणार नाही, हे मला समजतं. पण लोकांना काय आवडत नाही हे त्यांना कोण सांगतं, हे मला आजवर समजलेलं नाही. आमच्याकडेही सकाळच्या अभंगाआधी दंतमंजनाची जाहिरात येते ती चालते. अभंगाच्या मध्ये आली तर मी उठून बाहेर जातो.

1961 मध्ये, कार्यक्रम चांगला चालू असताना, त्याने रात्रीचा टीव्ही सोडला. कुटुंबाला घेऊन उत्तर कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगराळ मुलखात राहायला गेला आणि 1962 ते 1965 तिथूनच एबीसी वाहिनीवर दुपारचा कार्यक्रम केला. पुढे कार्यक्रम कमी झाले, भजनं चालू राहिली. घरात सुख होतं असं मात्र म्हणता येत नाही. त्याला दारूचं व्यसन होतं आणि ते वाढत गेलं. पडद्यावर कधी दिसलं नाही, यकृताने मात्र हिशेब ठेवला. त्याची बायको बेट्टी, जिच्याशी त्याने 1942 मध्ये लग्न केलं होतं, ती 1989 मध्ये गेली.

सन्मान मिळाले. 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, 1990 मध्ये कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव. 1991 च्या सप्टेंबरअखेर राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे, व्हाइट हाउसमध्ये, मेजवानीला गेला होता. तिथून परतताना विमानतळावर त्याची प्रकृती ढासळली. व्हर्जिनियातल्या इस्पितळात काही दिवस काढले आणि यकृत निकामी होऊन गेला. तारीख? 17 ऑक्टोबर. ‘सोळा टन’ बाजारात आलं त्याला त्या दिवशी बरोबर 36 वर्षं झाली होती. मी ज्योतिषावर विश्वास ठेवणारा नाही, त्यामुळे यातून काही काढत नाही, पण तारीख सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन्ही गाणी इंटरनेटवर सहज सापडतात. माझं ऐकाल तर आधी मर्ल ट्रॅव्हिसचं ऐका, 1946 चं, ते सुरुवातीच्या बोलण्यासकट. मग फोर्डचं. फोनच्या त्या एवढ्याशा छिद्रातून ऐकू नका, खर्ज त्यातून बाहेरच येत नाही. कानाला काही लावा नाहीतर घरातला जुना स्पीकर जोडा. आणि फोर्डची एखादी भजनाची तबकडी मिळाली तर तीही, रात्रीची जेवणं आटोपल्यावर.

पुढच्या शनिवारी याच वेळी. नमस्कार.